तेल सुटेपर्यंत

सोमवार, २ फेब्रुवारी

नवऱ्याला आज हॉस्पिटलमधून घरी आणलं. पित्ताशयात खडे आहेत. त्यांतला एक घसरून भलत्याच नळीत अडकला आणि स्वादुपिंडाला सूज आली, असं डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. पित्ताशय काढावं लागणार, पण सूज पूर्ण उतरल्यावरच. म्हणजे सहा आठवडे थांबायचं. मधल्या काळात दुखणं उलटलं तर शस्त्रक्रिया पुढे जाईल. आणखी एकदा उलटलं तर काय, हे त्यांनी चित्रात काढलं नाही.

पथ्य एकच. तेल, तूप, लोणी, चरबी बंद. मी विचारलं, रस्सा चालेल का, कारण हा माणूस रश्शाशिवाय ताटाकडे बघत नाही. त्या म्हणाल्या, चालेल, पण वर तेलाचा एक थेंब दिसता कामा नये.

आमच्या घरात स्वयंपाक त्याचा आणि बोलणं माझं. तो एकतीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होता, रोज चारशे पानं. मी शाळेत शिकवलं आणि शाळा सुटली की कारखान्यांच्या फाटकांवर भाषणं केली. घरातली ही वाटणी मी कितीतरी सभांत अभिमानाने सांगितली आहे. आता त्याला शेगडीपाशी उभं राहायला मनाई आहे, आणि मी त्रेसष्टाव्या वर्षी कांदा चिरायला शिकणार आहे. क्रांतीची वाट कुठून कुठे वळेल सांगता येत नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

पहिला रस्सा. फजिती.

मी डोकं चालवलं. तेल काढायचंच आहे तर आधी घालायचं कशाला? चमचाभर तेलात मसाला परतला, कोंबडी टाकली, पाणी ओतलं आणि लवकर शिजावं म्हणून खळाखळा उकळवलं. तो स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. दोनदा म्हणाला, "बाई, गॅस बारीक कर." मी लक्ष दिलं नाही. (शाळेत सगळे मला बाई म्हणत, म्हणून हाही म्हणतो. चाळीस वर्षं झाली, त्याला अजून हा विनोद वाटतो.)

मसाला कच्चा राहिला. कोंबडीची चरबी उकळून उकळून रश्शात अशी मिसळली की वर येईचना. मी पळी घेऊन पाऊण तास भांड्याभोवती पहारा केला. रस्सा गढूळ, मी घामाघूम. मग तो म्हणाला की खळाखळा उकळलं की तेल आत शिरतं आणि मग बाहेर निघत नाही. आणि तेल कमी घालूनही उपयोग नाही. घालायचं, मसाल्यातून सुटू द्यायचं, मग काढून घ्यायचं. तेल सुटलं नाही म्हणजे मसाला शिजला नाही.

मी म्हटलं, हे आधी सांगायचं. तो म्हणाला, सांगत होतो.

रविवार, ८ फेब्रुवारी

पुस्तकं आणली, तीन. घरात राज्यशास्त्राची दोन कपाटं आहेत, पण पाकशास्त्राचं एक पान नव्हतं. पहिल्या पुस्तकात म्हटलंय, पावाचा तुकडा वर फिरवा, तो तेल शोषून घेतो. पावाने तेल सोडून रस्सा शोषला. दुसऱ्यात म्हटलंय, बर्फ. बर्फ पळीत घेऊन पळीचं बूड रश्शावर टेकवायचं असतं, म्हणजे तेल गोठून पळीला चिकटतं. हे मी नंतर वाचलं. आधी बर्फच रश्शात टाकला.

"सूप झालं," तो म्हणाला.

त्याची पद्धत पुस्तकात नाही. भांडं अर्धं शेगडीबाहेर सरकवायचं. ज्या बाजूला आच तिथे बुडबुडे येतात, ते तेलाला थंड बाजूला ढकलतात, आणि तेल तिथे आपण होऊन जमतं. मग पळीची कड टेकवून अलगद उचलायचं. मी करून पाहिलं. खरंच जमलं. अर्धी वाटी तेल निघालं, लालभडक.

"आयुष्यभर वर तरंगणाऱ्यांच्या विरोधात बोललीस," तो म्हणाला, "आज पहिल्यांदा हाताने काढलंस."

मी हसले नाही. नंतर थोडं हसले.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

युनियनच्या सेक्रेटरीचा फोन. पंधरा मार्चला कँटीन कामगारांचा मेळावा आहे, मुख्य भाषण माझं. म्हणाला, बाई, ते डाव टाकल्याचं सांगाच, नव्या पोरांनी ऐकलेलं नाही.

सांगणारच. आठ वर्षांपूर्वी ठेकेदाराने कँटीनला खवट तेल पुरवलं. माझ्या नवऱ्याने त्या तेलाचा वास घेतला, हातातला लांब दांड्याचा डाव जमिनीवर टाकला आणि एकतीस वर्षांची नोकरी सोडून फाटकाबाहेर आला. सरळ नाकासमोर चालणारा माणूस. मी त्याच दिवशी फाटकावर भाषण केलं. पंधरा दिवसांत ठेकेदार गेला. या प्रसंगावर माझं भाषण उभं आहे. डाव पडल्याचा आवाज मी टेबलावर मूठ आपटून काढते, आणि टाळ्या तिथेच पडतात.

याला मेळाव्याचं सांगितलं. म्हणाला, "दुसरं काही बोल ना या वेळी." संकोची आहे. स्वतःचं कौतुक त्याला सोसत नाही.

आजचा रस्सा बरा झाला असावा. त्याला विचारलं तर म्हणतो, रंग चांगला आलाय. चव कशी आहे विचारलं तर म्हणतो, "तू बघ ना, मीठ बघ." हे त्याचं नेहमीचं. स्वतः स्वयंपाक करायचा तेव्हाही पहिला घास माझ्याकडे यायचा. पूर्वी मला ते फार थोर वाटायचं. आता राग येतो. मी राबराब राबते आणि हा बरंवाईट सांगायची जबाबदारीसुद्धा घेत नाही.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

नणंद आली, डबा घेऊन. "वहिनी, तुझ्या त्या पाण्याने माझा भाऊ वाळला बघ." डबा उघडून दाखवला. "वर एक थेंब तेल नाही. बोट फिरवून बघ."

वर खरंच नव्हतं. आत होतं. काजूचं वाटण आणि लोणी, घोटून घोटून एकजीव केलेलं. वासच सांगत होता. मी म्हटलं, ताई, हे विष आहे. ती म्हणाली, मी प्रेमाने केलंय. मी म्हटलं, प्रेमाने केलेलं विष आहे. तिने डोळ्याला पदर लावला. डबा मी फ्रिजच्या वरच्या खणात ढकलला, उद्या मी खाईन म्हणून. माझा तेल काढलेला रस्सा खालच्या खणात. डबे एकाच आकाराचे, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. उद्या चिठ्ठी लावीन.

रविवार, २२ फेब्रुवारी

हॉस्पिटलमधून लिहिते आहे. शब्दांनाही संताप येतो की नाही माहीत नाही, माझ्या हाताला आलाय.

काल दिवसभर वीज नव्हती, फ्रिज बंद. आज दुपारी मी सेक्रेटरीकडे गेले. खालच्या खणातलं, आज सकाळी केलेलं, गरम करून घे, असं याला सांगून गेले होते. हा वरच्या खणातला ताईचा डबा काढून भातावर घेऊन वाटीभर जेवला. पाचला मी परतले तेव्हा पोट धरून पलंगावर वाकलेला.

रिकामी वाटी ओट्यावर होती. रस्सा आंबला होता. लोण्याचा आणि आंबलेल्या काजूचा दर्प मला दाराच्या उंबऱ्यावर आला. आणि हा ते खाऊन बसला. केवढी ही हाव. तीन आठवडे मी ज्या थेंबांसाठी पळी घेऊन उभी राहिले, ते याने एका बैठकीत वसूल केले.

रिक्षातच विचारलं, चोरून खाल्लंस ना? पुन्हा विचारलं. म्हणाला, "हो. खाल्ला चोरून."

डॉक्टरीणबाईंनीही विचारलं, आंबलेलं कळलं नाही का काका? त्याने तोंड उघडायच्या आत मीच उत्तर दिलं. म्हटलं, जिभेपुढे यांना काही कळत नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

घरी. सूज थोडी आहे, फार नाही. निभावलं. पण सहा आठवडे आजपासून पुन्हा मोजायचे. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आता नको हं व्हायला, या वेळेस थोडक्यात सुटले.

मी फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर मोर्चाच्या फलकाएवढ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे: याचं. माझं. टाकायचं. नणंद फोनवर रडली. म्हणाली, माझ्याच हाताने झालं. मी म्हटलं, तुझ्या हाताने नाही, त्याच्या तोंडाने झालं. तिचं सांत्वन करायला गेले आणि ती आणखी रडली.

बुधवार, ४ मार्च

आता मी रस्सा आदल्या दिवशी करते आणि फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी वर पांढरट पापुद्रा धरलेला असतो. सुरीने कडेकडेने सोडवला की अख्खा चकतीसारखा निघतो. हे केवढं समाधान आहे ते कुणाला सांगून पटणार नाही. ठराव एकमताने मंजूर झाल्यासारखं वाटतं.

पण हा खूश नाही. म्हणतो, "त्यात बघायला काही राहत नाही." अरे, बघायचं कशाला, खायचं आहे. म्हणाला, मसाला परतताना तरी मला जवळ बसू दे, तेल सुटलेलं बघू दे. ज्या तेलाने याला दोनदा हॉस्पिटल दाखवलं, त्याच्या दर्शनाला हा खुर्ची टाकून बसणार. मी कपाळाला हात लावला आणि खुर्ची आत घेतली.

मंगळवार, १० मार्च

आज घर पेटायचं राहिलं.

मसाला परतत होते, सेक्रेटरीचा फोन आला. त्याला म्हटलं, लक्ष ठेव, आणि बाहेरच्या खोलीत गेले. पाच मिनिटांत जळका वास आला. सगळ्या जिन्यात गेला असेल. धावत आत आले तर कढईतून धूर, आणि हा कढईपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेला.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. तो एवढंच म्हणाला, "दिसलं नाही. पेपर मधे होता."

दिसलं नाही म्हणे. नाकाखाली जळत होतं.

गुरुवार, १२ मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं आहे, एकही शब्द न सजवता. प्रयत्न करते.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत भाषणाची तालीम करत होते. तो पलंगावर टेकून ऐकत होता. डावाच्या प्रसंगाशी आले. "माझ्या नवऱ्याने त्या तेलाचा वास घेतला," असं म्हणून मी मूठ उचलली.

तो म्हणाला, "ते नको सांगू."

"कुठलं?"

"वासाचं."

मी म्हटलं, तुझा संकोच आता पुरे, हा तुझ्या एकट्याचा प्रश्न नाही, चळवळीचा आहे. तो उठून बसला. म्हणाला, "मला वास आलाच नव्हता. येतच नाही. त्या वर्षी पंधरा दिवस ताप होता ना, तेव्हापासून येत नाही. जिभेला खारट-आंबट जेमतेम कळतं, बाकी काही नाही."

ठेकेदाराने खवट तेल दिलं हे खरं. पण याने त्यात दोन दिवस स्वयंपाक केला. साठ माणसं उलट्या करत होती. हाताखालच्या माणसाने डब्याचं झाकण उघडून याच्यासमोर धरलं आणि विचारलं, उस्ताद, हे तुम्हाला कळलं नाही? डाव टाकला नव्हता. धुऊन खिळ्याला अडकवला आणि बाहेर पडला. शरमेने.

मी विचारलं, आठ वर्षं मला का नाही सांगितलंस?

तो म्हणाला, "तू विचारलं नाहीस. मी फाटकाशी पोचलो तेव्हा तू टेबलावर उभी राहून मी का सोडलं ते सांगत होतीस. मलाही तिथेच कळलं."

मग मला ताईचा डबा आठवला. मी विचारलं. तो म्हणाला, चिठ्ठी नव्हती, कुठला खण ते विसरलो, म्हणून दोन्ही डबे उघडून बघितले. खालच्या डब्याला कडेला थोडं तेल दिसलं, वरच्यावर एक थेंब नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसं. तीनदा बघितलं.

"मग चोरून खाल्लं असं का म्हणालास?"

"तू तसं म्हणालीस."

आठ वर्षं या माणसाने डोळ्यांनी आणि कानांनी स्वयंपाक केला. मसाल्याचा रंग, फोडणीचा आवाज, कडेला सुटलेलं तेल. मीठ माझ्या जिभेने. आणि मी ते तेलच काढून घेऊन वर त्याला विचारत होते की चव कशी आहे.

मी माफी मागितली. ती लांबली असावी, कारण मध्येच तो म्हणाला, "बाई, पुरे. समजलं."

मी अजून चिडलेली आहे. त्याच्यावर किती आणि माझ्यावर किती, हे वेगळं काढता येत नाही.

रविवार, १५ मार्च

मेळाव्यात बारा मिनिटं बोलले. धुराड्यांबद्दल, पंख्यांबद्दल, आणि कँटीनमधल्या माणसांचं नाक, डोळे, फुप्फुसं दर वर्षी तपासली पाहिजेत याबद्दल. म्हटलं, चुकणाऱ्या माणसाला चूक सांगता येईल अशी जागा ठेवा. टाळ्या पडल्या, पण त्या नेहमीच्या नव्हत्या. खाली उतरल्यावर सेक्रेटरी म्हणाला, बाई, डावाचं राहिलं. मी म्हटलं, राहिलं.

मागच्या रांगेतून एक वयस्क आचारी उठून आला. त्याने माझ्यासमोर आपले दोन्ही तळवे धरले. पोळलेले, कातडं गुळगुळीत झालेलं. म्हणाला, गरम-गार कळत नाही, कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचं नाव लिहून घेतलं आणि सेक्रेटरीला बोलावलं.

शनिवार, २८ मार्च

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आठ वर्षं झाली म्हणजे वास परत येण्याची आशा कमी. पोटाची तपासणी केली, सूज नाही. सात एप्रिलची तारीख दिली. दहा दिवस सांभाळा, म्हणाल्या.

नणंदेला कळल्यावर ती त्याच्यावरच उखडली. "सख्ख्या बहिणीपासून लपवलंस? मी सपशेल बिघडवलेलं सगळं छान म्हणून खायचास, तेव्हाच मला संशय यायला हवा होता." तो इतका हसला की पोट धरलं. मी तीनताड उडाले. "हसतोय गं," तो म्हणाला. आजवर कुणी हसून मला घाबरवलं नव्हतं.

सोमवार, ६ एप्रिल

दुखणं उलटलं नाही. उद्या सकाळी सातला दाखल व्हायचं, उपाशीपोटी. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. त्यात दोन वेळा पाहिलं, काय विसरलं ते कळत नाही.

दुपारी तो म्हणाला, रस्सा करू या. करू या म्हणाला, कर नाही. खुर्ची शेगडीजवळ ओढली. मी मसाला घातला. तो कढईकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

थोड्या वेळाने कडेने तेल दिसायला लागलं. मी पळी उचलली. तो म्हणाला, "थांब. वास कसा येतोय?"

"छान."

"छान म्हणजे काय?"

"खमंग."

"खमंग सगळ्यालाच म्हणतात. नीट सांग."

मी सांगायला लागले. म्हटलं, एखाद्या घरात खूप दिवसांनी माणसं परतावीत, दारंखिडक्या उघडाव्यात...

"भाषण नको," तो म्हणाला. "वास सांग."

चाळीस वर्षं मी बोलत आले. शेकडो सभा, हजारो माणसं, कधी शब्दासाठी अडले नाही. कढईवर वाकले, डोळे मिटले, आणि काही सापडेना. राग आला. पुन्हा वाकले.

"आधी गोडसर येतो," मी म्हटलं. "सुती कपड्यावर गरम इस्त्री फिरवल्यासारखा. मग मिरचीचा, घशाच्या मागे. आणि त्याच्याही मागे काहीतरी हिरवं आहे. ओला देठ मोडल्यासारखं."

तो ऐकत होता. डोळे त्यानेही मिटले होते.

"लसूण कच्चा आहे," तो म्हणाला. "तेल सुटलंय, पण लसूण कच्चा आहे. दिसायला नीट झालाय म्हणून मी फसलो असतो. गॅस बारीक कर."

मी केला. मी परतत राहिले. मिनिटभराने त्याने विचारलं, "आता?"

"अजून आहे. थोडा."

"आणि आता?"

मी वाकून पाहिलं, म्हणजे हुंगलं.

"देठ गेला," मी म्हटलं.

"मग काढ तेल."